बायकोला घरी आणलं म्हणून ब्रिटिशांनी त्याला देशाबाहेर काढलं; पुढे तोच त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला

परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेला मुलगा तिकडेच लग्न करतो आणि काही वर्षांनी दोघं ठरवतात की आता घरी परत जायचं. तिकिटं काढण्याआधी पहिला प्रश्न येतो तो कागदांचा. त्याच्याकडे त्याच्या देशाचा पासपोर्ट आहे, पण तिचं काय? भारतात आज याचं उत्तर ठरलेलं आहे. आधी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्याने एंट्री व्हिसा, आणि नोंदणी केलेल्या लग्नाला दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज. फॉर्म किचकट असतो, चकरा होतात, पण रस्ता असतो.

आता एक उलटी गोष्ट बघा. यात परदेशी बायको नवऱ्याच्या गावात बसली होती आणि ज्याचं ते गाव, त्या नवऱ्यालाच तिकडे जायला बंदी होती. व्हिसा ऑफिसरने नाही, थेट ब्रिटिश सरकारने घातलेली.

त्याचं नाव सेरेत्से खामा.

चार वर्षांचा राजा

आजचा बोत्सवाना तेव्हा बेच्युआनालँड नावाने ओळखला जायचा. दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावर असलेला, बराचसा कलहारी वाळवंटाने व्यापलेला आणि ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असलेला हा प्रदेश. इथली सगळ्यात मोठी जमात म्हणजे बामांग्वाटो. १ जुलै १९२१ रोजी त्यांच्या सेरोवे या गावात, राजघराण्यात सेरेत्से जन्मला. त्याच्या वडिलांचं आणि आजोबांचं अनेक वर्षं पटत नव्हतं, ते जुळलं त्या सुमाराचा त्याचा जन्म. म्हणून नाव ठेवलं सेरेत्से, म्हणजे सांधणारी माती.

१९२५ मध्ये वडील वारले आणि चार वर्षांचा सेरेत्से जमातीचा राजा ठरला. कारभार मात्र काका त्शेकेदी यांच्याकडे गेला. हे त्शेकेदी काका कडक शिस्तीचे, हुशार आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही न जुमानणारे. पुतण्याला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या चांगल्या शाळांत घातलं, फोर्ट हेअर कॉलेजातून पदवी मिळवू दिली आणि १९४५ मध्ये इंग्लंडला पाठवलं. एक वर्ष ऑक्सफर्डला काढून सेरेत्से बॅरिस्टरीसाठी लंडनला आला. शिकून यायचं आणि गादीवर बसायचं, असा साधा बेत होता.

लंडनची क्लार्क

जून १९४७ मध्ये लंडनच्या एका वसतिगृहात नाचगाण्याचा कार्यक्रम होता. वसाहतींमधून आलेले विद्यार्थी तिथे राहायचे. रूथ विल्यम्स नावाची तेवीस वर्षांची मुलगी तिथे आली होती ती बहिणीच्या आग्रहाखातर. रूथने महायुद्धात हवाई दलाच्या महिला विभागात अॅम्ब्युलन्स चालवली होती आणि आता ती विम्याच्या कंपनीत क्लार्क होती. तिच्या वडिलांचा भारताशी संबंध होता. ते इथे सैन्यात अधिकारी होते आणि नंतर चहाच्या व्यापारात गेले.

सेरेत्से आणि रूथ, दोघांनाही जॅझ संगीताचं वेड. त्याने तिला 'इंक स्पॉट्स' या कृष्णवर्णीय गायकांच्या कार्यक्रमाला बोलावलं आणि तिथून गाठीभेटी सुरू झाल्या. वर्षभराने त्याने लग्नाचं विचारलं, ती हो म्हणाली.

रूथच्या वडिलांनी तिला घराबाहेर काढलं. सेरेत्सेने काकांना पत्राने कळवलं, तर तिकडून लग्न थांबवण्याच्या तारा सुटल्या. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक कामाला लागले. चर्चमध्ये लग्नाची तारीख ठरली होती २५ सप्टेंबर १९४८. ऐनवेळी पाद्री बिचकला आणि त्याने दोघांना लंडनच्या बिशपकडे पाठवलं. बिशपने सरकारची संमती आणा असं सांगितलं. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला सरकारची संमती कशाला, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नाही.

मग दोघांनी चर्चचा नाद सोडला. २९ सप्टेंबर १९४८ रोजी केन्सिंग्टनच्या नोंदणी कार्यालयात त्यांनी लग्न केलं. महिनाभरात सेरेत्से एकटाच सेरोव्याला निघाला. बायकोला घरी आणायचं, तर आधी घरच्यांची परवानगी हवी होती.

पंचायतीत लागला निकाल

बामांग्वाटोंची खोत्ला म्हणजे आपल्याकडच्या पारावरच्या पंचायतीसारखी सभा. सगळी बाप्ये मंडळी जमतात, कोणीही उठून बोलू शकतो आणि निर्णय सगळ्यांच्या साक्षीने होतो. राजाची बायको ही तिथे राजाची खासगी बाब नव्हतीच. तिची निवड जमातीच्या संमतीने व्हायची, कारण तिचा मुलगा पुढचा राजा. त्शेकेदी काकांचा राग मुख्यतः इथे होता. त्यांना गोऱ्या लोकांचा द्वेष होता किंवा रूथ वाईट होती असं नाही. पुतण्याने कोणालाही न विचारता रीत मोडली, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांना सरळ खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांची बाजूही खरी होती.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली सभा भरली, डिसेंबरमध्ये दुसरी. बहुतेक लोक लग्नाच्या विरोधात बोलले. सेरेत्से एवढंच सांगत राहिला की येईन तर बायकोसह, नाहीतर येणार नाही.

सहा महिन्यांत वारं फिरलं. लोकांना संशय यायला लागला की बायकोचं निमित्त करून काकाच गादी बळकावतील. जून १९४९ मध्ये तिसरी सभा भरली, तेव्हा हजारो माणसं जमली. शेवटी सेरेत्सेने आपल्या पद्धतीने मतदान घेतलं. ज्यांना त्याची बायको नको आहे, त्यांना उभं राहायला सांगितलं. उठली चाळीसच्या आसपास माणसं. मग ज्यांना ती चालेल त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि अख्खी सभा उठली. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. त्शेकेदी काकांनी आपण मुलूख सोडतो असं जाहीर केलं.

म्हणजे ज्यांची परवानगी खरोखर लागत होती, त्यांनी ती दिली.

रूथ ऑगस्ट १९४९ मध्ये निघाली. सोपा रस्ता दक्षिण आफ्रिकेतून होता, पण तो टाळणंच बरं होतं. ती समुद्रविमानाने व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत आली, तिथून छोट्या विमानाने फ्रान्सिसटाऊनला आणि पुढे मोटारीने सेरोव्याला. ती ब्रिटिश, तो प्रदेशही ब्रिटिशांच्या अखत्यारीतला, त्यामुळे कागदोपत्री तिला अडवणं अवघड होतं. पण ब्रिटिशांवर शेजाऱ्याचा दबाव सुरू झाला होता.

शेजाऱ्याला काय पडलं होतं?

दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्येच डॅनियल मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला होता. वर्णभेद, म्हणजेच अपार्थाइड, हाच त्यांचा कार्यक्रम. १९४९ मध्ये त्यांनी गोऱ्या आणि बिगरगोऱ्या माणसांनी आपसात लग्न करण्यावर कायद्याने बंदी आणली. त्याच वर्षी सीमेपलीकडे एका काळ्या राजाने गोऱ्या राणीसोबत संसार मांडावा, तोही लोकांच्या टाळ्यांत, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

लग्न आणि सीमा यांचा घोळ दक्षिण आफ्रिकेला नवा नव्हता. मार्च १९१३ मध्ये तिथल्या केप प्रांताचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिश्चन पद्धतीने न झालेली लग्नं कायद्याने ग्राह्य नाहीत. प्रकरण होतं भारतातून नवऱ्याकडे निघालेल्या बाई मरियम यांच्या प्रवेशाचं. या एका निकालाने तिथल्या हिंदू, मुस्लिम आणि पारशी बायका कायद्याच्या नजरेत बायकाच उरल्या नाहीत. कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या त्या याच वर्षी. १९१४ च्या कायद्याने ती चूक दुरुस्त झाली. गांधीजींच्या चरित्रात हा प्रसंग येतो, पण बायकोला देशात येऊ द्यायचं की नाही यावरून हे सगळं पेटलं होतं हे आपण विसरतो.

तर मलान सरकारने सेरेत्से आणि रूथ या दोघांनाही दक्षिण आफ्रिकेत यायला बंदी केली. वरवर बघता बिघडलं काय? त्यांना कुठे तिकडे राहायचं होतं! पण बेच्युआनालँडचा कारभार ज्या माफेकिंग शहरातून चालायचा, ते शहर होतं दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत. स्वतःच्या देशाची राजधानीच दुसऱ्या देशात. या बंदीमुळे राजाला आपल्याच मुख्यालयात पाऊल ठेवता येईना.

ब्रिटनची अडचण वेगळी होती. महायुद्धाने खजिना रिकामा झाला होता. दक्षिण आफ्रिकेचं सोनं हवं होतं आणि अणुबॉम्बच्या कार्यक्रमासाठी युरेनियमही. शिवाय बेच्युआनालँडसह आजूबाजूचे तीन ब्रिटिश प्रदेश आपल्याला द्या, अशी दक्षिण आफ्रिकेची जुनी मागणी होतीच. या गणितात एका जोडप्याचा संसार कुठेच बसत नव्हता.

सरकारने न्यायमूर्ती हॅरागिन यांची चौकशी समिती नेमली. सेरेत्से राजा व्हायला लायक आहे का, हे त्यांनी तपासायचं होतं. अहवाल आला तो सरकारची पंचाईत करणारा. माणूस लायक आहे, हक्क त्याचाच आहे, लोकांनाही तो हवा आहे, पण दक्षिण आफ्रिकेशी चांगले संबंध राखणं गरजेचं असल्याने त्याला राजा करू नये, असा त्याचा मथितार्थ होता. खरं कारण इतक्या स्पष्टपणे कागदावर आल्यावर सरकारने तो अहवाल दडपला. तो लोकांसमोर यायला जवळपास तीस वर्षं गेली.

चर्चेला बोलावलं आणि परतीचा रस्ता बंद केला

फेब्रुवारी १९५० मध्ये लंडनहून निरोप आला, चर्चेला या, दोघंही या. सेरोव्यातल्या जाणत्या लोकांना यात डाव दिसला. दोघं गेले आणि परत येऊ दिलं नाही तर? रूथ तेव्हा गरोदर होती. तिने गावातच राहावं, असं ठरलं. ती इथे असली की सेरेत्सेला परत आणावंच लागेल, असा त्यांचा हिशोब.

शंका खरी ठरली. लंडनमध्ये सेरेत्सेला वर्षाला ११०० पौंड देऊ केले, गादी सोडण्याच्या बदल्यात. तो नाही म्हणाला. मार्चमध्ये मंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर यांनी संसदेत जाहीर केलं की सेरेत्सेला पाच वर्षं आपल्या मुलुखात परतता येणार नाही.

आता बघा काय झालं. लंडनमध्ये जन्मलेली रूथ आफ्रिकेतल्या गावात, सासरच्या माणसांत, पोटुशी. सेरोव्यात जन्मलेला सेरेत्से लंडनमध्ये, बायकोपासून हजारो मैल दूर अडकलेला.

निर्णय समजावून सांगायला ब्रिटिश उच्चायुक्त एव्हलिन बेअरिंग स्वतः सेरोव्याला आले. खोत्ला बोलावली. पूर्ण सरकारी पोशाखात साहेब हजर झाले आणि समोर कोणीच नाही. अख्ख्या गावाने सभेवर बहिष्कार टाकला होता. साम्राज्याचा प्रतिनिधी रिकाम्या मैदानासमोर उभा आहे, ही बातमी जगभर गेली.

सेरेत्सेला काही काळापुरतं परतू दिलं, तेही अटी घालून. १५ मे १९५० रोजी मुलगी जॅकलिन जन्मली. तीन महिन्यांनी तिघंही इंग्लंडला रवाना झाली. बाळ तान्हं होतं आणि देशात परत कधी यायचं हे कोणाच्याच हातात नव्हतं.

सहा वर्षं

या काळात घडामोडी फार झाल्या नाहीत, म्हणूनच तो कठीण होता. सेरेत्सेचं कायद्याचं शिक्षण अर्धवट राहिलं. लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडन भागात त्यांनी घर केलं. १९५३ मध्ये मुलगा इयन झाला. टोनी बेन, फेनर ब्रॉकवे अशी काही खासदार मंडळी त्यांच्या बाजूने सतत बोलत राहिली.

बंदी घातली तेव्हा विरोधी बाकांवर बसलेल्या चर्चिल यांनी मजूर सरकारवर टीका केली होती. १९५१ मध्ये चर्चिल सत्तेवर आले, म्हणून आशा वाटली. १९५२ मध्ये त्यांच्याच सरकारने पाच वर्षांची बंदी कायमची करून टाकली. वर जमैकामध्ये नोकरी देऊ केली. सेरेत्सेने तीही नाकारली. सेरोव्याहून शिष्टमंडळ लंडनला आलं आणि हात हलवत परत गेलं. जूनमध्ये सेरोव्यात दंगल उसळली, त्यात तीन पोलिस मारले गेले. ब्रिटिशांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, दुसरा राजा निवडा. बामांग्वाटोंनी निवडला नाही.

शेवटी गाठ सुटली ती घरातल्या घरात. १९५६ मध्ये त्शेकेदी काका लंडनला आले आणि काका-पुतण्याचं जुळलं. जन्मताना ज्याला सांधणारी माती म्हटलं, त्याचा स्वतःचा सांधा जुळायला आठ वर्षं लागली. सेरेत्सेने स्वतःच्या आणि मुलांच्या वतीने गादीवरचा हक्क सोडून दिला. त्या बदल्यात ऑक्टोबर १९५६ मध्ये त्याला घरी परतण्याची परवानगी मिळाली, राजा म्हणून नव्हे, सामान्य नागरिक म्हणून. रूथ आणि मुलं अर्थातच सोबत.

बायकोला घरी आणण्याची किंमत म्हणून त्याने राज्य दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

राजा नाही, राष्ट्राध्यक्ष

परतल्यावर सेरेत्सेने गुरं पाळली, त्यात विशेष यश आलं नाही. १९५८ मध्ये जुळी मुलं झाली. एकाचं नाव ठेवलं अँथनी, टोनी बेन यांच्यावरून. दुसऱ्याचं त्शेकेदी, काकांच्या नावावरून. पुढच्याच वर्षी काका वारले.

१९६२ मध्ये त्याने पक्ष काढला. १९६५ च्या निवडणुकीत त्या पक्षाने ३१ पैकी २८ जागा जिंकल्या आणि सेरेत्से पंतप्रधान झाला. त्याच वर्षी कारभाराचं ठाणं माफेकिंगहून हलवून देशाच्या आत, गॅबोरोनला आणलं. ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्सवाना स्वतंत्र झाला आणि सेरेत्से खामा पहिला राष्ट्राध्यक्ष. ज्या ब्रिटनने त्याला हद्दपार केलं, त्याच ब्रिटनच्या राणीने त्याला सर किताब दिला. सेरोव्याची सूनबाई लेडी खामा झाली.

देश तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. डांबरी रस्ते मोजून काही किलोमीटर. वर्षभरात, १९६७ मध्ये, ओरापा इथे हिरे सापडले, आणि ते नेमके बामांग्वाटोंच्या मुलुखात. सेरेत्सेने खनिजांवरचे जमातींचे हक्क राष्ट्राच्या नावावर करायचं धोरण राबवलं आणि स्वतःच्या जमातीला त्यातून सूट दिली नाही. आफ्रिकेत जिथे जिथे हिऱ्यांवरून रक्त सांडलं, ती उदाहरणं पाहिली की या एका निर्णयाचं वजन कळतं. देशाच्या झेंड्यावर निळ्या रंगाच्या मध्ये काळा आणि पांढरा पट्टा आहे. शेजारी वर्णभेद चालू असताना हे रंग एकत्र ठेवले होते.

१३ जुलै १९८० रोजी कर्करोगाने सेरेत्से गेला, ५९ व्या वर्षी. पुढे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने मिश्र लग्नावरची बंदी उठवली, ती बघायला तो नव्हता. रूथ इंग्लंडला परतली नाही. रेड क्रॉसचं काम करत ती बोत्सवानातच राहिली आणि २००२ मध्ये वारल्यावर सेरोव्यात सेरेत्सेच्या शेजारी तिला पुरलं. ब्रिटिशांनी मुलांच्या वतीनेही जो हक्क सोडायला लावला होता, त्याचं काय झालं? १९७९ मध्ये बामांग्वाटोंनी इयनलाच गादीवर बसवलं. २००८ मध्ये तो देशाचा राष्ट्राध्यक्षही झाला. २०१६ मध्ये या दोघांवर 'अ युनायटेड किंगडम' हा सिनेमा आला, बऱ्याच जणांनी ही गोष्ट तिथे पहिल्यांदा ऐकली असेल.

सिनेमात नसलेला एक भाग मात्र राहतो. सेरेत्से गेल्यावर, १९८० च्या दशकात बोत्सवानाने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. त्यात असं होतं की बोत्सवानाच्या पुरुषाने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्यांची मुलं बोत्सवानाची, पण बोत्सवानाच्या बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिची मुलं परकी. म्हणजे रूथसारखी सून चालेल, परदेशी जावई आला की मुलांची कागदपत्रं अडणार. युनिटी डाऊ या वकील बाईंचा नवरा अमेरिकन. लग्नाआधी झालेली त्यांची मुलगी नागरिक ठरली आणि लग्नानंतरच्या दोन मुलांना आईच्या देशात राहण्यासाठी परवाना लागू लागला. त्यांनी सरकारला कोर्टात खेचलं. १९९२ मध्ये अपील न्यायालयात त्या जिंकल्या, आणि १९९५ मध्ये कायदा बदलून आईकडूनही मुलांना नागरिकत्व मिळू लागलं. डाऊ पुढे बोत्सवानाच्या उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या.